पाणी, बादली आणि बाहेरचा माणूस

मिल्टन कीन्सच्या स्टेशनात चेस्टरला जाणारी गाडी थांबते. त्या गाडीने चेस्टर गाठले आणि तेथून लिव्हरपूलकडची लोकल पकडली, की थोड्याच वेळात केपनहर्स्ट नावाचे लहानसे स्टेशन येते. भोवती चेशायरची हिरवी कुरणे, आणि त्यांच्या पलीकडे उंच कुंपणाआड एक विस्तीर्ण कारखाना. ब्रिटनमध्ये युरेनियम समृद्ध करण्याचे काम चालते ते फक्त येथे.

या आडगावाचे नाव आमच्या गावात निघाले ते एका घरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी. बायकांची पांगापांग झाली होती, बशीत तिळाच्या चार वड्या उरल्या होत्या आणि मी पत्नीला घ्यायला गेलो होतो. घरच्या वहिनींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही शास्त्र शिकलेले. आमच्या धाकट्याला केपनहर्स्टला नोकरी मिळते आहे. पगार चांगला आहे. पण युरेनियम म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. उद्या तिथे बाँबसारखा स्फोट झाला तर?"

त्यांच्या यजमानांनी वर्तमानपत्रातून मान वर न करताच उत्तर दिले, "अगं, हा इंग्लंड आहे. इथे सगळे नियमाप्रमाणे चालते."

चहा पिता पिता माझ्या लक्षात आले, की दोघांचेही थोडे थोडे चुकते आहे. वहिनी ज्याला भितात ते तेथे होणार नाही. आणि यजमान ज्यावर विसंबून आहेत ते आपोआप होत नाही. त्या दिवशी मी घाईघाईने जे सांगितले ते अपुरे होते. आज सविस्तर सांगतो. कारण आपल्या आणखीही घरांतली मुले अशा कारखान्यांच्या दाराशी जातील आणि त्यांच्या आयांना हाच प्रश्न पडेल.

पाण्याची गंमत

खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या दर हजार अणूंत जेमतेम सात अणू युरेनियम-२३५ या जातीचे असतात. उरलेले जवळजवळ सगळे युरेनियम-२३८. वीज देणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना पहिली जात शेकडा तीन ते पाच या प्रमाणात लागते. म्हणून युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग घडवून त्याचा वायू करतात आणि तो सेंट्रिफ्यूज नावाच्या उभ्या नळकांड्यांत अतिशय वेगाने फिरवतात. डेअरीत दुधातून साय वेगळी काढणारे फिरते यंत्र असते, तत्त्व तेच. जड भाग कडेला सरकतो, हलका मध्याकडे राहतो. एका नळकांड्यात फरक फार थोडा पडतो, म्हणून एकातला वायू दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात अशा लांबच लांब रांगा लावतात.

युरेनियम-२३५ च्या अणूवर न्यूट्रॉन आदळला की तो फुटतो आणि त्यातून दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते बाहेर निसटले किंवा दुसऱ्या कशात शोषले गेले तर गोष्ट तेथेच संपते. परंतु माल एकाच ठिकाणी पुरेसा साठला आणि प्रत्येक फुटणाऱ्या अणूमागे सरासरी एक न्यूट्रॉन पुढचा अणू फोडू लागला, की साखळी आपली आपण चालू राहते. या स्थितीला शास्त्रज्ञ क्रांतिक अवस्था म्हणतात. अणुभट्टीत ती मुद्दाम आणायची असते. समृद्धीकरणाच्या किंवा इंधनाच्या कारखान्यात ती कधीच, एका क्षणापुरतीही, येता कामा नये.

ती आली तर बाँबसारखा स्फोट होत नाही. द्राव तापतो, फसफसतो, फुगतो आणि साखळी मंदावते. इमारत जागच्या जागी उभी असते. परंतु त्या क्षणी निघालेले न्यूट्रॉन आणि गॅमा किरण चार पावलांवरच्या माणसाचा जीव घेऊ शकतात. धूर नाही, आवाज नाही, कधी कधी एक निळसर लखलख, एवढेच.

यात सर्वांत चमत्कारिक भाग पाण्याचा. नव्याने निघालेले न्यूट्रॉन फार वेगवान असतात. पाण्यातल्या हायड्रोजनवर आपटून ते मंदावतात आणि मंद झालेला न्यूट्रॉन युरेनियम-२३५ फोडण्यात जास्त तरबेज असतो. अतिसमृद्ध युरेनियमच्या कोरड्या, उघड्या गोळ्याला क्रांतिक होण्यासाठी सुमारे ५० किलो धातू लागतो. तेच युरेनियम पाण्यात विरघळलेले असेल, भांडे गोल असेल आणि भोवतीही पाणी असेल, तर एक किलोपेक्षा कमी पुरते. आपल्या घरी आग विझवायला जी पाण्याची बादली आणतो, ती येथे आग पेटवणारी ठरू शकते.

अमेरिकेतील लॉस अॅलमॉस प्रयोगशाळेने २००० साली जगभरच्या अशा अपघातांचा आढावा प्रसिद्ध केला. कारखान्यांतून झालेले २२ अपघात त्यात आहेत आणि त्यांत ९ माणसे दगावली. या २२ पैकी २१ अपघात द्रावात किंवा गाळात झाले. सुक्या भुकटीत एकही नाही.

सेंट्रिफ्यूजमध्ये वायू विरळ असतो, त्याचा दाब हवेपेक्षाही कमी असतो आणि एका वेळी माल थोडा असतो. म्हणून खुद्द त्या रांगांत धोका कमी. लक्ष ठेवायचे ते कडेच्या जागांवर: वायू गोठवून भरतात ती नळकांडी, पंपांतले तेल, सुटे भाग धुण्याचे वर्कशॉप, प्रयोगशाळा, सांडपाण्याच्या टाक्या. बाहेरची दमट हवा आत शिरली तर वायूचा घन पदार्थ बनून तो कोपऱ्यात बसतो. थोडक्यात, धोका असतो तो जेथे माल साचतो आणि ओल येते तेथे.

राऊंडअबाउट आणि पाटी

हा धोका टाळण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते समजून घ्यायला आम्हा मिल्टन कीन्सकरांना दूर जावे लागत नाही. आमच्या गावाची राऊंडअबाउटबद्दल थट्टा होते. पण राऊंडअबाउटची खुबी अशी, की चालकाची इच्छा असो वा नसो, रस्त्याचा आकारच त्याला गाडी हळू करायला लावतो. तसेच आमचे रेडवे. पायी जाणारे आणि सायकलवाले मोठ्या रस्त्याच्या खालून किंवा वरून जातात. मोटारीची आणि मुलाची गाठच पडत नाही. याच्या उलट 'सावकाश चालवा' ही पाटी. ती वाचली तर उपयोगाची.

कारखान्यातही तसेच आहे. टाकी उंच आणि अरुंद केली, तर ती काठोकाठ भरली तरी न्यूट्रॉन कडेने निसटत राहतात आणि साखळी चालत नाही. हा झाला राऊंडअबाउट. 'या टाकीत एका वेळी अमुक किलोपेक्षा जास्त टाकू नये' ही झाली पाटी. जेथे आकाराने काम भागते तेथे पाटीवर विसंबू नये, आणि दोन वेगवेगळ्या, क्वचितच घडणाऱ्या चुका एकदम झाल्याखेरीज अपघात होऊ नये अशी रचना करावी, हे या शास्त्राचे दोन मूलमंत्र.

सातवी बादली

मंत्र विसरले की काय होते, हे जपानने पाहिले. तोकाईमुरा या गावी जेसीओ कंपनीचा युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता. तेथे एरवी पाच टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेला माल येई. १९९९ च्या सप्टेंबरात मात्र एका प्रायोगिक अणुभट्टीसाठी १८.८ टक्के समृद्ध युरेनियमचा द्राव बनवायचा होता. मंजूर पद्धतीत द्राव एका उंच, अरुंद नळकांड्यातून जायचा. पण ते काम वेळखाऊ. कंपनीने आधीच स्टीलच्या बादल्या वापरायची वाट स्वतःच्या कागदात लिहून ठेवली होती, आणि त्या वेळी कामगारांनी आणखी एक पायरी गाळली. बादलीत विरघळवायचे आणि नरसाळ्यातून थेट एका रुंद टाकीत ओतायचे. त्या टाकीभोवती थंड करण्यासाठी पाण्याचे वेष्टन होते.

एका वेळची मर्यादा २.४ किलो युरेनियमची होती. ३० सप्टेंबरच्या सकाळी सातवी बादली ओतली जात असताना टाकीत सुमारे १६.६ किलो झाले होते. निळी लखलख दिसली. साखळी पुढे जवळजवळ २० तास धुमसत राहिली. वेष्टनातले पाणी काढून टाकले तेव्हा ती थांबली. ३५० मीटरांच्या आतील १६१ माणसांना घरे सोडावी लागली. १० किलोमीटरच्या परिसरातील ३ लाख १० हजार लोकांना दारे-खिडक्या लावून घरात बसायला सांगण्यात आले. टाकीशी असलेल्या दोघांपैकी एक कामगार डिसेंबरमध्ये आणि दुसरा पुढच्या एप्रिलमध्ये दगावला.

ही माणसे बेफिकीर किंवा दुष्ट नव्हती. काम वेळेवर उरकावे, एवढीच त्यांची इच्छा. आपण काय हाताळतो आहोत हे त्यांना कोणी नीट शिकवले नव्हते. असा अपघात येथे होणारच नाही असे धरून कारखाना उभा केलेला होता, म्हणून तशी सूचना देणारी खास घंटाही नव्हती. आणि सरकारी निरीक्षकाने अशा कारखान्यात ठराविक काळाने येऊन पाहिलेच पाहिजे, असे बंधन कायद्यात नव्हते. ते बंधन अपघातानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात घातले गेले. २००३ साली न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या सहा जणांना दोषी ठरवले. पण बादलीची वाट कागदावर लिहिली गेली त्या दिवशी तो कागद मागून घेणारा कोणी बाहेरचा माणूस असता, तर न्यायालयाची पाळीच आली नसती.

थेंबे थेंबे तळे साचे

"ते जपानात झाले. इथे नाही व्हायचे," असे वहिनींचे यजमान म्हणतील. येथेही झाले आहे.

२४ ऑगस्ट १९७० रोजी विंडस्केलच्या कारखान्यात काही सेकंदच टिकलेला असा एक अपघात झाला. तेथे युरेनियम नव्हते, प्लुटोनियम होते. पण न्याय तोच. एका टाकीतून फार थोडे प्लुटोनियम असलेला द्राव पुढे जात असे. टाकीची रचना अशी, की द्राव खालून निघून जाई आणि त्यावर तरंगणारे तेलासारखे द्रावक मागेच राही. हे द्रावक, सुमारे ४० लिटर, तेथे अडकले आहे हे कोणाला दिसत नव्हते. प्रत्येक खेपेला ते द्रावातून थोडे थोडे प्लुटोनियम आपल्यात ओढून घेत होते. चौकशीअंती असे दिसले, की हा साठा कदाचित दोन वर्षांपर्यंत वाढत असावा. प्रत्येक दिवस कालच्यासारखाच होता, आणि थेंबे थेंबे तळे साचत होते. सुदैवाने इमारतीतील दोघांना मिळालेली मात्रा थोडी होती.

आता या गोष्टीचा दुसरा भाग, जो क्वचितच सांगितला जातो. याच विंडस्केलमध्ये १९५७ साली मोठी आग लागली होती. तिच्यानंतर ब्रिटिश पार्लमेंटने १९५९ साली अणुकारखान्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला आणि स्वतंत्र निरीक्षकांचे खाते निघाले. पण विंडस्केल ज्या सरकारी अणुऊर्जा प्राधिकरणाच्या ताब्यात होते, त्या प्राधिकरणालाच या परवान्यातून वगळले. जेथे आग लागली त्या घरालाच पहारा नाही! आमचे शास्त्रज्ञ श्रेष्ठ, आमचे आम्ही पाहून घेऊ, असा हिशेब. १९७० चा अपघात झाला तेव्हा हीच स्थिती होती.

इंधनाचे कारखाने १९७१ साली नव्या सरकारी कंपनीकडे गेले तेव्हा त्यांना परवाना घ्यावा लागला. त्यांत विंडस्केल आले आणि केपनहर्स्टही. प्राधिकरणाच्या उरलेल्या जागा १९९० मध्ये कायद्याखाली आल्या. आणि १९९७ मध्ये आल्डरमास्टन, म्हणजे जेथे ब्रिटनचे अण्वस्त्र बनते ती जागा, तीही परवान्याच्या कक्षेत घेतली गेली. गुपिते गुपितेच राहिली. पण निरीक्षकाला दार उघडावे लागले.

परवाना म्हणजे काय?

सध्या हे काम ऑफिस फॉर न्यूक्लिअर रेग्युलेशन ही संस्था करते. २०११ साली ती निघाली आणि २०१४ पासून तिला कायद्याने स्वतंत्र स्थान मिळाले. तिचे मुख्य कार्यालय लिव्हरपूलजवळ बूटल येथे, केपनहर्स्टपासून फार दूर नाही. परवान्यासोबत ३६ अटी असतात. सुरक्षिततेचा लेखी युक्तिवाद आधी सादर करा. मर्यादा ठरवा आणि पाळा. यंत्रात किंवा पद्धतीत बदल करण्यापूर्वी त्याची छाननी करा. माणसे शिकलेली आणि लायक आहेत हे दाखवा. छोट्या घटनाही नोंदवा आणि कळवा. निरीक्षक काम थांबवू शकतो. एखाद्या खोलीत बादली दिसली, तर ती कोणत्या कागदाप्रमाणे आली, हे विचारू शकतो.

या संस्थेचा बहुतेक खर्च परवानाधारकांकडूनच वसूल होतो, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. कुंपणच शेत खाईल की काय, अशी शंका रास्त आहे. तिला उत्तर एवढेच, की निरीक्षकाची नेमणूक आणि बढती कारखान्याच्या हाती नसते आणि त्याचे अहवाल प्रसिद्ध होतात. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. अमेरिकेत टेनेसी राज्यातील अर्विन येथे मार्च २००६ मध्ये अतिसमृद्ध युरेनियमचा सुमारे ३५ लिटर द्राव सांडला. तो वेगळ्या भांड्यात साचला असता तर क्रांतिक होऊ शकला असता. नियामक आयोगाला हे ठाऊक होते. पण त्या कारखान्याची कागदपत्रे गुप्ततेच्या नावाखाली झाकलेली होती, म्हणून गावाला कळले ते दुसऱ्या वर्षी. निरीक्षक पाहतो आणि गावाला सांगत नाही, तर अर्धाच पहारा झाला.

केपनहर्स्टपुढे आता नवे वळण आहे. मे २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने तेथील युरेन्को कंपनीला नव्या कारखान्यासाठी १९ कोटी ६० लाख पौंड जाहीर केले. पुढच्या पिढीच्या अणुभट्ट्यांसाठी २० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले युरेनियम तेथे बनवायचे आहे. २०३१ पर्यंत ते सुरू व्हावे असे उद्दिष्ट तेव्हा सांगण्यात आले. समृद्धी जसजशी वाढते, तसतसा क्रांतिक व्हायला लागणारा माल कमी होतो. पाच टक्क्यांना चालणारी टाकी वीस टक्क्यांना चालेलच असे नाही. आणि वाचकांच्या ध्यानात आले असेल, तोकाईमुराच्या बादलीतला माल १८.८ टक्क्यांचा होता. म्हणून जे राऊंडअबाउट बांधायचे, ते आताच, नकाशा कागदावर असताना बांधून घ्यायचे. नंतर उरतात त्या पाट्या.

मायदेशी

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. पण ते मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, आणि आयोगाचा अध्यक्ष तोच अणुऊर्जा खात्याचा सचिव. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच ओसरीवर पहारेकरी बसलेला, हे २०१२ साली महालेखापरीक्षकांनीही आपल्या अहवालात दाखवून दिले. २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जागा मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे देण्यात आल्या. म्हैसूरजवळ रत्तेहळ्ळी येथील समृद्धीकरणाचा कारखाना याच केंद्राचा. ब्रिटनने १९५९ साली जी सवलत दिली आणि पुढे टप्प्याटप्प्याने काढून घेतली, तीच आपण २००० मध्ये नव्याने दिली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत केला आणि नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान दिले. चांगले झाले. आता पाहायचे ते एवढेच, की मंडळाच्या माणसाला कोणकोणती दारे उघडतात. आपल्या शास्त्रज्ञांच्या बुद्धीबद्दल कोणालाच शंका नाही. विंडस्केलचे शास्त्रज्ञही बुद्धिमानच होते. टाकीतले द्रावक त्यांना दिसले नाही, कारण ते रोज तीच टाकी पाहत होते.

धाकट्याने काय विचारावे?

गेल्या महिन्यात वहिनींकडे पुन्हा जाणे झाले. मी त्यांना चार प्रश्न कागदावर लिहून दिले. धाकट्याने रुजू होण्यापूर्वी ते साहेबाला विचारावेत: माझ्या विभागातली कोणती मर्यादा आकाराने सांभाळली जाते आणि कोणती निव्वळ पाटीने? मला शंका आली तर काम थांबवायचा अधिकार मला आहे का, आणि थांबवले तर कोणी रागावणार नाही ना? धोक्याची घंटा झाली तर मागे वळून न पाहता कोणत्या दाराने पळायचे, आणि त्याची तालीम शेवटची केव्हा झाली? निरीक्षकाचा मागचा अहवाल मला वाचायला मिळेल का?

चांगला साहेब या प्रश्नांनी खूश होईल. जो चिडेल, त्याच्याकडे नोकरी करू नये.

वहिनींनी कागद दोनदा वाचला आणि देवघरातल्या डबीखाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे भावजी, भीती युरेनियमची नाही. 'चालायचंच, रोज असंच करतो' म्हणणाऱ्या माणसाची आहे."

यजमानांनी या वेळी वर्तमानपत्र खाली ठेवले. "तो कागद इकडे दे," ते म्हणाले. "त्याला आज फोनवर मीच वाचून दाखवतो."